खाकी शर्ट आणि काजळाची मिशी

मॅडम, नमस्कार.

मी ५६ वर्षांची, कल्याणला राहते. एका पतपेढीत कॅशियर आहे. हे एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीला थोडेच महिने राहिले असताना झोपेतच गेले. आता दोन वर्षं होतील. मुलगा, सून, सहा वर्षांची नात आणि मी, असे एकत्र राहतो.

यंदा नवरात्रात सोसायटीच्या भोंडल्याला वेशभूषेचा कार्यक्रम ठेवला होता. मी जाणारच नव्हते. शेजारच्या वहिनींनी हात धरून नेलं. म्हणाल्या, काहीतरी घाला आणि नुसत्या उभ्या राहा. मी यांचा जुना खाकी शर्ट काढला, वरून पट्टा आवळला, काजळाने मिशी काढली आणि बहुरूपी फौजदार झाले. लहानपणी आमच्या गावात यायचा ना, तसा. तिथे गेल्यावर काय झालं कोण जाणे, तोंडातून आपोआप सुरू झालं, "लग्नाला चला, लग्नाला चला!" चेअरमनबाईंच्या नावाने तर मी वॉरंटच काढलं. बायका हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोप लागली.

तेव्हापासून नात मागे लागते. मग संध्याकाळी आम्ही दोघी कधी वासुदेव होतो, कधी कोळीण आणि गिऱ्हाईक. एकदा घरात कुणी नसताना मी एकटीनेच तो शर्ट घातला आणि आरशासमोर उभी राहिले. आधी हसू आलं, मग खूप रडले.

भोंडल्याचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. वन्संचा फोन आला, "दादाला जाऊन दोन वर्षं नाही झाली आणि तू मिशा काढून नाचतेस?" मुलगा त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, बाबांचा युनिफॉर्म होता तो." एवढंच. मी शर्ट धुऊन परत ठेवला. पाडव्याच्या शोभायात्रेत सोसायटीच्या बायका नऊवारी आणि फेटे घालून जाणार आहेत, मलाही बोलावतात. मला जावंसं वाटतं. पण मनात येतं, मी दुःखापासून पळतेय का? या वयात हे बरं दिसतं का? माझं काही बिघडलं तर नाही ना?

एक वाचक, कल्याण


ताई, नमस्कार.

तुमचं काहीही बिघडलेलं नाही. पत्राच्या अगदी शेवटी लिहिलेला हा प्रश्न तुम्ही बरेच दिवस मनात घोळवत असणार, म्हणून त्याचं उत्तर सगळ्यात आधी. पाडव्याला जरूर जा. बाकीचं सावकाश बोलू. वन्सं जे बोलल्या आणि मुलगा जे बोलला ते तुम्ही एकाच गाठोड्यात बांधलं आहे, पण मला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. मुलाच्या त्या एका वाक्यापाशी तर आपल्याला बराच वेळ थांबावं लागेल.

आधी पळण्याचं बघू. ज्याला दुःखापासून पळायचं असतं तो त्या कपाटाकडे फिरकत नाही. कपडे कुणाला तरी देऊन टाकतो, नाहीतर सगळ्यात खालच्या कप्प्यात ढकलून वर चादरींची चळत रचतो. तुम्ही तो शर्ट अंगात घातलात. घरात कुणी नसताना आरशासमोर उभ्या राहिलात, हसलात, आणि त्याच शर्टात रडलात. दोन वर्षं जे मनात दाटून होतं, त्याला तुम्ही स्वतःहून समोर बोलावलंत. याला पळणं कसं म्हणायचं?

शोकाबद्दल आपल्याकडे एक समजूत पक्की आहे. आधी खूप दुःख, मग थोडं कमी, मग आणखी कमी, असं ते पायरीपायरीने उतरत जातं, आणि मध्येच कुणी हसलं तर त्याचं दुःख खोटं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ साली याहून वेगळी मांडणी केली आणि शोकाचं समुपदेशन करणारे आज जगभर तिचा आधार घेतात. जोडीदार गमावलेला माणूस सतत ये-जा करत असतो, असं ते सांगतात. काही वेळ तो गेलेल्या माणसापाशी असतो: आठवणी, फोटो, रडणं. काही वेळ पुढच्या जगण्यापाशी: विजेचं बिल, नवी कामं, नव्या ओळखी, हसणं. दोन्हीकडे जाता येत असेल तर माणूस सावरतो आहे. कुठल्याही एकाच बाजूला महिनोन् महिने अडकून पडला तर काळजी करायची. तुम्ही आरशासमोर पाचदहा मिनिटांत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलात.

हसण्याबद्दलही थोडं सांगते, कारण वन्संचा सगळा राग त्या हसण्यावर आहे. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो या मानसशास्त्रज्ञांचा १९९७ सालचा एक अभ्यास आहे. जोडीदार जाऊन सहाएक महिने झालेली माणसं त्यात होती. ती गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलत असताना त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव टिपले गेले. बोलता बोलता जी माणसं मनापासून हसली, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतील अशी हसली, त्यांच्यात राग कमी आढळला आणि आसपासच्या माणसांशी त्यांचं नातंही बरं होतं. हसल्यामुळेच ती सावरली, असा दावा या अभ्यासातून करता येत नाही. पण ज्या माणसावर जीव होता त्याच्याविषयी बोलताना हसू येणं हे विसरल्याचं लक्षण नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता तुम्ही म्हणाल, हसायचंच होतं तर टीव्हीवर विनोदी कार्यक्रम काय कमी आहेत? त्याने झोप का नाही लागली? मिशीनेच का लागली?

मला वाटतं, लोकांच्या डोळ्यांमुळे. गेली दोन वर्षं लोक तुमच्याकडे एकाच नजरेने बघत आले आहेत. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मान थोडी कलती करून, आवाज खाली आणून विचारतं, "कशा आहात?" पतपेढीतला नेहमीचा खातेदार काउंटरवर दोन क्षण जास्त थांबतो. लग्नाच्या पंगतीत तुम्ही बसलात की शेजारच्या गप्पा बंद होतात. कुणाच्याही मनात वाईट नसतं, पण दिवसातून इतक्या वेळा त्या नजरेला उत्तर द्यावं लागतं की हळूहळू माणूस तेवढाच उरतो. 'अमक्याची बायको, बिचारी, अचानक झालं हो.' भोंडल्याच्या मांडवात फौजदार शिरला तेव्हा ती नजर ठेवायची कुठे, हेच कुणाला कळलं नसेल. फौजदाराची कीव कशी करणार? चेअरमनबाईंना तर वॉरंट चुकवायची पाळी आली. दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही दुसऱ्या कुणाला काहीतरी देत होतात, आणि समोरची माणसं दोन्ही हातांनी ते घेत होती. त्या रात्री झोप लागली यात मला काहीच नवल वाटत नाही.

शरीराचाही यात वाटा आहे. पट्टा आवळला की पाठ आपोआप सरळ होते. मिशी आली की आवाज खालच्या पट्टीत जातो, पावलं लांब पडतात. कपड्यांचा मनावर काय परिणाम होतो यावर अ‍ॅडम आणि गॅलिन्स्की यांचा २०१२ सालचा एक प्रयोग बराच गाजला होता. एकच पांढरा कोट काहींना डॉक्टरचा म्हणून घालायला दिला, काहींना चित्रकाराचा म्हणून. डॉक्टरचा समजून घालणाऱ्यांचं लक्ष कामावर जास्त टिकलं. पुढे दुसऱ्यांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसाच निकाल आला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करण्यात अर्थ नाही. मला लहान मुलांवरचा २०१७ सालचा एक अभ्यास अधिक बोलका वाटतो. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं होतं. मध्येच उठून खेळायला जायची मुभा होती. काही मुलांना सांगितलं, तू बॅटमॅन आहेस असं समज, किंवा तुला आवडणारं दुसरं कुणी, आणि तसा काही पोशाखही दिला. ती मुलं इतरांपेक्षा जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. आपल्याच अडचणीपासून दोन पावलं बाजूला उभं राहून 'आता बॅटमॅन काय करेल?' असं बघता आलं, म्हणून ते जमलं असावं, असं अभ्यासकांना वाटतं. मोठ्यांच्या शोकावर हा प्रयोग झालेला नाही. पण स्वतःच्या आयुष्याकडे घडीभर बाजूने बघता येण्याची गरज तुमच्या नातीपेक्षा तुम्हाला जास्त आहे. नातीला कोळीण व्हायला कुणी अडवत नाही. तुम्हाला अडवतात.

'या वयात बरं दिसतं का' या प्रश्नाचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या मुलखाइतकी मोठ्या माणसांच्या सोंगांची हौस क्वचितच कुठे असेल. होळी जवळ आली की मुंबईतला चाकरमानी रजा टाकून कोकणात जातो, कारण शिमग्यात त्याच्या घराण्याकडे खेळ्यांमधलं एखादं सोंग असतं. गुहागर-चिपळूणकडचा संकासूर पाहा: काळा वेष, डोक्यावर उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरू. त्या टोपीखाली एखाद्या ऑफिसातला हेडक्लार्क असतो. साडी नेसून गोमू झालेला गडी दोन पोरांचा बाप असतो. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात गावातली थोर माणसं देवादैत्यांचे जड मुखवटे चढवून रात्र रात्र नाचतात आणि त्या मुखवट्यांची आधी पूजा होते. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडं लिहिली. ती गाणारा कधी जोशी होतो, कधी गोंधळी, कधी भुत्या, आणि जे एरवी कीर्तनात सांगूनही कानाआड गेलं असतं ते त्या सोंगाच्या तोंडून लोकांच्या काळजात उतरतं. बालगंधर्वांनी (१८८८ ते १९६७) रंगभूमीवर स्त्री उभी केली आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला, त्यांच्यासारखी फुलं माळायला लागल्या. यातल्या कुणालाही वय आडवं आलं नाही.

सिंधुदुर्गातल्या दशावतारात अजूनही प्रत्येक नट आपला रंग आपणच लावतो, आपले दागिने आपणच बांधतो. लिहिलेली संहिता हातात नसते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. तुमचं वॉरंट तसंच सुचलं. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं त्या भागात म्हणतात. रात्रभर सिंहासनावर बसलेला माणूस पहाटे रंग पुसतो आणि सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. मला यात दशावतारी माणसाची गरिबीही दिसते आणि एक मोठं शहाणपणही. राजा होण्याची वेळ ठरलेली आहे, उतरण्याचीही ठरलेली आहे. म्हणून तर तो निर्धास्तपणे राजा होऊ शकतो.

पण ही मोकळीक कुणाला होती, हेही सांगितलं पाहिजे. शिमगा, बोहाडा, दशावतार, सगळीकडे प्रामुख्याने पुरुष. बायकांच्या वाट्याला मंगळागौर आणि भोंडला. तिथे कुणी सासू व्हायची, कुणी सून, 'कारल्याचा वेल लाव गं सूनबाई' म्हणत मनातलं सगळं गाण्यात काढून टाकायची. संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी मढवतात, मुकुटापासून बाजूबंदापर्यंत सगळं साखरेचं. मला हा आपल्याकडचा सगळ्यात गोड वेषांतराचा प्रकार वाटतो. आणि नवरा गेला की या सगळ्या दारांना कडी. जिचं दुःख सगळ्यात मोठं, तिच्याच अंगावरून रंग, दागिना, फूल आधी काढून घ्यायचं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. ठराव झाले म्हणून मनं लगेच बदलत नाहीत हे खरं. तुमच्या मिशीवर जो राग निघाला, त्यात वन्संच्या दुःखाबरोबर ती जुनी कडीही थोडी वाजते आहे. त्या शेजारच्या वहिनींनी तुमचा हात धरून तुम्हाला त्या दारातून आत नेलं, याबद्दल त्यांना कधीतरी मुद्दाम धन्यवाद द्या.

आता मुलगा.

तुम्हाला त्याचं बोलणं आणि वन्संचं बोलणं सारखंच लागलं. मला तसं वाटत नाही. 'शोभतं का', 'लोक काय म्हणतील' यातलं तो काहीही बोललेला नाही. तो म्हणाला, "बाबांचा युनिफॉर्म होता तो." एका दिवसाने म्हणाला. म्हणजे रात्रभर त्याच्या मनात ते होतं. एसटी ड्रायव्हरच्या मुलासाठी तो खाकी शर्ट काय असतो याचा विचार करा. बाबा ड्यूटीवर निघाले की तो शर्ट, पहाटे मुक्कामाची गाडी करून परत आले की तोच शर्ट, डिझेलच्या वासाचा. शाळेच्या सहलीला बाबा गाडी घेऊन आले असतील तर सगळ्या वर्गासमोर मिरवलेला तोच शर्ट. दोन वर्षं तो बंद कपाटात होता, आणि एके दिवशी फोनवर तो फोटो आला. त्यात तो शर्ट चालता-बोलता होता, आणि आत बाबा नव्हते. त्याला राग आलेला नाही, ताई. त्याला बाबांची आठवण आली, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळलं नाही.

माझा अंदाज आहे की या दोन वर्षांत तो तुमच्यासमोर फारसा रडलेला नाही. घरातला कर्ता मुलगा आईसमोर रडत नाही, तिला सांभाळतो. तुम्हीही त्याच्यासमोर रडत नाही, म्हणून तर घरात कुणी नसताना आरशासमोर उभ्या राहिलात. एकाच घरात दोन माणसं एकमेकांपासून लपवून एकाच माणसासाठी कष्टी होत आहेत. तेव्हा त्याच्याशी शर्टाबद्दल बोला. भोंडल्याबद्दल नको, वन्संबद्दल नको, फक्त शर्टाबद्दल. सून आणि नात झोपल्यावर, किंवा तो सकाळचा चहा घेताना. "तुझ्या बाबांचा शर्ट मी घातला तेव्हा तुला काय वाटलं?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. तो "काही नाही" म्हणेल. तरी उठू नका. तुम्ही तुमचं सांगा: आरशासमोरचं. हसलात तेही सांगा, रडलात तेही सांगा. "मला त्या शर्टात तुझे बाबा जवळ वाटले" असं तुम्हाला खरंच वाटलं असेल तर तसं सांगा, नसेल वाटलं तर जे वाटलं ते.

मग दोघांनी मिळून कपाट उघडा. यांचे किती खाकी जोड आहेत मला माहीत नाही, पण एखादा तरी असा निवडा की जो कुणी कशासाठीही वापरायचा नाही. मुलालाच निवडू द्या. बिल्ला, नावाची पट्टी, जे काही असेल ते त्याच्यासोबत ठेवा. बाकीचे कपडे वापरायचे की नाहीत हेही त्यालाच विचारा. तो नको म्हणाला तर फौजदारासाठी जुन्या बाजारात खाकी शर्ट सहज मिळतो, नाहीतर कपडेपट भाड्याने देणाऱ्यांकडे मिळतो, तोच वापरा. फौजदाराला कुठलाही शर्ट चालेल. तुम्हाला मात्र कधी एकटीला यांचाच शर्ट घालून बसावंसं वाटलं, तर तो तुमचा आणि यांचा प्रश्न. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, मुलाचीही नाही.

वन्संचं सोपं आहे आणि अवघडही. त्यांचा भाऊ गेला आहे. नवरा गेल्यावर बायकोकडे भेटायला येतात, भावाच्या बहिणीकडे फारसं कुणी येत नाही. त्यांच्या दुःखाला बसायला जागाच मिळाली नसेल, म्हणून ते फोनवरून तुमच्यावर आलं. त्यांना पटवायला जाऊ नका. शिमगा, एकनाथ, हेरवाड यातलं काहीही सांगू नका, भांडण वाढेल. इतकं म्हणा, "वन्सं, तुम्हाला तो फोटो बघून त्रास झाला, मला कळतं. तुमचा दादा मला रोज आठवतो. त्या दिवशी दोन वर्षांनी मी हसले, आणि ते असते तर सगळ्यात आधी तेच हसले असते." शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा. पत्रावरून मला वाटतं की खरं असावं. त्यानंतरही त्या रागावल्या तर रागावू द्या. त्यांच्या रागासाठी तुम्ही आपली झोप परत करायची नाही.

नातीबरोबरचा खेळ अजिबात थांबवू नका. उलट तो जरा नीट मांडा. एक पेटी करा. जुनी पैठणी, उपरणं, बुगडी, नकली दाढी, पुठ्ठ्याचा मुकुट, फाटलेल्या छत्रीची काडी, जे सापडेल ते त्यात टाका. विकत फार आणू नका. घरातल्या वस्तूंमधून काहीतरी जुळवण्यात हातांना जे काम मिळतं त्यानेच अर्धं मन निवतं. सेफ्टी पिना कुठे टोचायच्या, मोरपिसांची टोपी नाही तर पुठ्ठ्यावर वर्तमानपत्राची पिसं कशी चिकटवायची, यात तास कसा जातो कळत नाही, आणि त्या तासात विचारांचं दळण थांबतं. पात्र मात्र पुरतं व्हा. कोळीण झालात तर भाव करा, गिऱ्हाइकाला सुनवा. पतपेढीत दिवसभर सगळ्यांशी गोड बोलून आलेल्या बाईला संध्याकाळी दहा मिनिटं भांडायला मिळणं हे फार मोठं सुख आहे. मुलाला आणि सुनेला गिऱ्हाईक व्हायला बोलवा. सून येईल असं मला वाटतं. आणि झालं की दोघींनी मिळून तोंड धुवा, खोबरेल तेलाने काजळ उतरवा, कपड्यांच्या घड्या घालून पेटीत ठेवा. दशावतारी माणूस रंग पुसतो तसं. तो पुसण्याचा भाग गाळू नका. त्याने खेळ खेळाच्या जागी राहतो आणि स्वयंपाक, अभ्यास, औषधं आपापल्या जागी.

आणखी एक. वासुदेव किंवा बहुरूपी होता तेव्हा नातीला हेही सांगा की काही माणसांसाठी हा खेळ नाही, पोट आहे. बहुरूपी ही आपल्या राज्यात भटक्या जमातींमध्ये नोंदलेली जमात आहे. तुमच्या गावात येणारा तो फौजदार दारोदार फिरून, लोकांना हसवून, पसाभर धान्य घेऊन घरी जात असे. त्याचं सोंग घ्या, त्याची टिंगल नको. तुम्ही ती केली नाहीत हे पत्रातच दिसतं, तुम्ही त्याला इतक्या वर्षांनी आठवणीने पुन्हा उभं केलंत. कुणाच्या जातीची, व्यंगाची, गरिबीची नक्कल करून हसणं मात्र कुठल्याच वयात नको, हे सोसायटीच्या पुढच्या वेशभूषेच्या कार्यक्रमाआधी एकदा बोलून ठेवलंत तर बरं.

काळजी कधी करायची तेही सांगते. सोंग उतरल्यावर दर वेळी आधीपेक्षा जास्त रिकामं वाटू लागलं, किंवा ते उतरवूच नये असं वाटलं. घरात यांचा विषय निघाला की तुम्ही उठून विनोद करायला लागलात. झोप पुन्हा गेली, जेवण तुटलं, कामावर जाणं नकोसं झालं, यांच्या ओढीने रोजचा दिवस ढकलणंही कठीण झालं. जोडीदार जाऊन वर्षाच्या वर उलटल्यावरही अशी अवस्था रोजच राहिली तर तिला आता डॉक्टरही प्रदीर्घ शोक म्हणून ओळखतात आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला संकोच करू नका. जगणं नको वाटेल असा एक विचार जरी आला तर त्याच क्षणी मुलाला सांगा, आणि १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावा. सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रात यातलं मला काही दिसलं नाही. तरी हा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

राहिला पाडवा. फेटा आदल्या दिवशी एकदा बांधून बघा, पहिल्यांदा बांधला की कपाळ दुखतं आणि सैल बांधला की चौकातच सुटतो. नऊवारी नेसवणारी बाई त्या पहाटे मिळत नाही, आत्ताच सांगून ठेवा. रंग तुम्हाला हवा तो घ्या. पांढरट, फिकट शोधत बसू नका. कपाळाला काय लावायचं, गळ्यात काय घालायचं, हे तुमच्या मनाने ठरवा, आणि कुणी विचारलंच तर उत्तर द्यायला बांधील नाही. दुचाकीवरून जाणाऱ्या गटात मात्र बसू नका. फेट्यावर हेल्मेट बसत नाही, आणि ५६ व्या वर्षी कल्याणच्या रस्त्यावर ती जोखीम घेण्यात अर्थ नाही. चालणाऱ्या बायकांच्या रांगेत राहा. ढोल-ताशा तिथेच जवळून ऐकू येतो. नातीलाही फेटा बांधा. मुलाला फोटो काढायचं काम सांगा, आणि वन्संना आदल्या आठवड्यात फोन करून कळवा की अमुक वाजता अमुक चौकातून जाणार आहोत, यायचं असेल तर या. आल्या तर त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणि बसायला जागा बघून ठेवा, उन्हात त्यांना उभं राहवणार नाही.